घरच्या वर्कशॉपमध्ये पायात काय घालायचं?

माझं वर्कशॉप म्हणजे पार्किंगच्या मागची दहा बाय आठची पत्र्याची शेड. एक बेंच, एक ड्रिल प्रेस, एक छोटा टेबल सॉ, भिंतीवर टांगलेल्या पटाश्या आणि करवती, आणि तिथून चार पावलांवर स्वयंपाकघराचं दार. ही चार पावलं आधी सांगतोय कारण सगळा घोळ तिथेच आहे. चहाला आत जा, मोबाईल चार्जिंगला लावला तो आणायला जा, कुरियरवाला आला म्हणून पुढच्या दाराला जा, परत या, एका रविवारात हे पंधरा वेळा होतं आणि आपल्याकडे वर्कशॉपचं पायातलं घालून घरात जायची सोय नाही, गेलात तर काय ऐकावं लागतं ते मी वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला मी शहाण्यासारखे लेसवाले सेफ्टी शूज आणले होते. दोन दिवस घातले. तिसऱ्या दिवशी "एकच भोक पाडायचंय" म्हणून हवाई चपलेवर गेलो आणि मग ते शूज तसेच दाराशी धूळ खात पडले. पुढच्याच महिन्यात पाऊण इंची पटाशी बेंचवरून घरंगळली आणि अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे चपलेत रुतून उभी राहिली. पायाला ओरखडासुद्धा नाही, पट्टा मात्र कापला गेला. मी दहा मिनिटं स्टुलावर नुसता बसून होतो. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की घरच्या वर्कशॉपला बिनलेसचं, पाय सरकवला की बसणारंच काहीतरी हवं, कारण तेच रोज पायात जातं. पण "सरकवायचं" म्हणजे कुठलीही स्लीपर नाही. खाली जे लिहितोय ते बरेच पैसे घालवून आणि बरेच जोड वापरून कळलेलं आहे.

आधी स्वतःला विचारा की तुमच्याकडे खाली काय पडतं. सुतारकाम करणाऱ्याकडे पटाशी, रंधा, स्क्रू, चुका आणि भुसा. लोखंडाचं काम असेल तर तापलेले तुकडे, ग्राइंडरच्या ठिणग्या, लेथची ती स्प्रिंगसारखी वळलेली धारदार चिप. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे फारतर सोल्डरचा थेंब आणि पार्टांच्या कापलेल्या तारांचे बारीक तुकडे, जे अनवाणी पायात असे घुसतात की चिमट्यानेसुद्धा निघत नाहीत. तिघांचं उत्तर एकच असणार नाही, त्यामुळे मित्राने घेतले म्हणून तेच घेऊ नका.

दुसरं, जमीन. ही गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत. खडबडीत कोबा असेल तर जवळपास काहीही चालतं. शहाबादी फरशी घासून घासून गुळगुळीत झालेली असेल किंवा खाली व्हिट्रिफाइड टाइल असेल तर लाकडाचा बारीक भुसा म्हणजे कॅरम बोर्डवरची पावडर समजा, आणि तुम्ही म्हणजे सोंगटी. सँडिंगनंतरची जी पिठासारखी धूळ असते ती सगळ्यात वाईट. टेबल सॉवर फळी पुढे ढकलताना मागचा पाय सरकला तर हात कुठे जाईल याचा एकदा विचार करा, म्हणजे सोलकडे बघायची सवय लागेल.

सोलबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण दुकानात सगळे वरचा रंग आणि आतली गादी बघतात. क्रॉक्स टाइपचे जे हलके क्लॉग असतात ते आणि बाजारातल्या बहुतेक हलक्या स्लीपर ईव्हीएच्या असतात. ईव्हीए म्हणजे फेसासारखा, आत हवेच्या बारीक बारीक बंद पेशी असलेला पदार्थ, म्हणून हलका आणि मऊ. पण रोज उभं राहून राहून त्या पेशी दबतात आणि परत फुगत नाहीत, सहा-आठ महिन्यांत टाचेखाली खड्डा पडतो, आणि गुळगुळीत ओल्या फरशीवर किंवा तेलावर त्याची पकड भरवशाची नाही. खाली वेगळा रबराचा थर चिकटवलेला असेल तर गोष्ट वेगळी, तसा जोड मिळाला तर घ्या. साधं रबर कोरड्या जमिनीवर उत्तम पकडतं पण मशीनच्या तेलात राहिलं की फुगतं आणि मऊ पडतं, तेलाचं काम जास्त असेल तर नायट्राइल रबर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सोल बघा. पीयूची एक खोड आहे, वापरा न वापरा, दमट हवेत काही वर्षांनी तो आतून कुजल्यासारखा होतो आणि एक दिवस चालता चालता सोलचे तुकडे पडायला लागतात. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी तर "चांगले आहेत, जपून ठेवू" म्हणून पीयू सोलचा जोड पेटीत ठेवून देऊ नये, आणि दुकानातसुद्धा बॉक्सवरची बनवल्याची तारीख बघावी, सेलमध्ये स्वस्त मिळणारा जोड कधीकधी गोडाऊनमध्येच म्हातारा झालेला असतो.

नक्षी खोल असली की पकड जास्त असं वाटतं, ते चिखलात खरं आहे. वर्कशॉपमध्ये खोल खाचांत स्क्रू, चुका आणि लोखंडाचा कीस अडकतो आणि तो तुम्ही थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत नेता. मला बारीक, उथळ, दाट रेघांचा सोल सोयीचा पडतो, ब्रश मारला की साफ.

आता समोरची बाजू. बोटं बंद पाहिजेत, यात चर्चा नाही. भोकं असलेले क्लॉग उन्हाळ्यात बरे वाटतात पण भुसा आत जातो, घामात कालवला जातो आणि बोटांच्या मधे त्याचं पिठलं होतं. सागवानाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते, शिसवीनेही, मग आपण उगाच मोज्याला किंवा साबणाला दोष देत बसतो. बिनभोकांचे क्लॉग मिळतात, हॉटेलच्या किचनमधले आचारी घालतात ते. लाकूडकामाला ते भोकांच्या क्लॉगपेक्षा कितीतरी चांगले, धुवायला सोपे, आणि हॉटेलच्या ओल्या तेलकट फरशीसाठीच बनवलेले असल्याने सोल सहसा बरा असतो. वरचा भाग किती जाड आहे ते अंगठ्याने दाबून बघा. कापडी स्लिप-ऑन स्नीकर दिसायला छान, चालायला छान, पण पटाशीपुढे कापड म्हणजे काहीच नाही. जाड चामडं निदान वेग तरी कमी करतं.

मग स्टील टो, म्हणजे बोटांवरची आतली पोलादी टोपी, पाहिजे का? हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. सेफ्टी शूजचं आपलं भारतीय मानक आयएस १५२९८ आहे. त्यातला भाग २ म्हणजे ज्याची टोपी २०० ज्यूलचा (ज्यूल म्हणजे आघाताची ऊर्जा मोजायचं एकक) आघात झेलते, चाचणीत २० किलोचा ठोकळा साधारण एक मीटरवरून पाडतात असं समजा. भाग ३ म्हणजे १०० ज्यूल, आणि भाग ४ म्हणजे टोपीच नाही, फक्त कामाचा बूट. आता हिशोब करा, अर्धा किलोची हातोडी बेंचच्या उंचीवरून पडली तर जेमतेम ४ ज्यूल. दोन-सव्वादोन किलोचा बिडाचा रंधा पडला तर १८-२० च्या आसपास. म्हणजे हाताच्या अवजारांसाठी २०० ची टोपी गरजेपेक्षा खूप जास्त आहे. पण १८ मिमीच्या आठ बाय चार प्लायचं वजन तीस किलोच्या आसपास जातं, आणि असा प्लाय एकट्याने उभा करताना त्याची कड पायावर आली की मग टोपीची किंमत कळते. जड व्हाइस, ग्राइंडरचं स्टँड, लोखंडी अँगल हलवत असाल तर टोपी घ्या. नुसत्या फ्रेम आणि खेळणी बनवत असाल तर जाड बंद क्लॉग पुरे.

टोपी घेणार असाल तर एक गोष्ट दुकानातच करून बघा, उकिडवे बसा. आपण जमिनीवरचा स्क्रू उचलायला, खालचं माप घ्यायला, क्लॅम्प लावायला सारखे उकिडवे बसतो आणि तेव्हा बूट बोटांच्या मुळाशी वाकतो. टोपी आखूड किंवा बूट घट्ट असेल तर तिची मागची कड नेमकी तिथे रुतते. उभं राहून बघितलं तर हे कळतच नाही, दोन तासांनी घरी कळतं. माझा पहिला जोड असाच गेला.

गंमत म्हणजे आपल्याकडचे जुने सुतार हे सगळं वाचून हसतील. ते जमिनीवर बसून, अनवाणी, लाकूड दोन्ही पायांच्या बोटांत धरून रंधा मारायचे. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचा पायाचा अंगठा शिकंजासारखाच चालायचा, मी तासन् तास बघत बसायचो. पण बसून काम करताना अवजार वीतभर उंचीवरून पडतं. आपण यूट्यूब बघून उभ्या बेंचवर आलो, अवजार तीन फुटांवरून पडायला लागलं, पाय मात्र अनवाणीच राहिले.

टाचेचं बघू. स्लिप-ऑनची खरी परीक्षा टाचेलाच होते. मागून उघडी सपाता पायात टिकवण्यासाठी आपण नकळत बोटांनी ती धरून ठेवतो, चार तास असं धरून उभं राहिलं की पोटऱ्या आणि तळवे दुखतात, आणि आपण म्हणतो वय झालं. म्हणून मागे कड असलेली किंवा निदान पट्टा पुढे-मागे करता येणारी निवडा. पट्टा असेल तर मशीन चालू करण्याआधी तो टाचेमागे घ्यायचा, हे माझ्याकडे सेफ्टी चष्म्याच्या बरोबरीचं आहे. दुकानात घालून सरळ चालून दाखवू नका, उलटं चाला, पाच पावलं मागे. फळी ओढताना, लांब पाइप फिरवताना आपण मागेच सरकत असतो आणि सैल सपाता नेमकी मागे जाताना निघते. मग एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागे हलकेच झटका. उडाली तर परत ठेवा, दुकानदार हसला तरी चालेल.

सोल मऊ किती असावा यावर लोक फसतात. बोट दाबलं की आत जातो तो सोल दुकानात पाच मिनिटं स्वर्ग वाटतो, आणि तीन तास एकाच जागी उभं राहिलं की पाय डुगडुगत राहतो, घोटा थकतो. जोड हातात घ्या, टाच आणि टोक धरून वाकवा, तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध वहीसारखा दुमडला तर तळव्याच्या कमानीला काही आधार नाही. मग ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा, सहज पिळला गेला तर सोडून द्या. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर टाच थोडी वर असलेला आणि कमानीला उंचवटा असलेला जोड बघा, पूर्ण सपाट नको, आणि दुखणं महिनाभर राहिलं तर डॉक्टरला दाखवा, चपला बदलत बसू नका.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो, सकाळी बसलेला जोड रात्री चावतो. कागद भिंतीला लावून टाच भिंतीला टेकवा, उभं राहून, पेन्सिल सरळ धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा, दोन्ही पायांची, आणि मोठा पाय धरा. त्यापुढे आत साधारण एक सेंटिमीटर मोकळं हवं. ऑनलाइन घेताना नंबरापेक्षा सेंटिमीटरचा तक्ता बघा, कारण आपल्याकडे चालणारा यूकेचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिमीच्या जवळ, आणि युरोपचा एक नंबर म्हणजे पावणेसात मिमीच्या आसपास, त्यामुळे या तक्त्यातून त्या तक्त्यात जाताना अर्धा नंबर कुठेतरी हरवतोच. ज्या मोज्यांवर काम करणार तेच मोजे घालून बघा. चामड्याचा स्लिप-ऑन थोडा घट्टच घ्या, तो सैल होतो. ईव्हीए आणि रबर तसे होत नाहीत, ते पहिल्याच दिवशी बरोबर बसले पाहिजेत.

ग्राइंडर आणि वेल्डिंगवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. क्लॉग, स्लीपर, स्नीकर सगळं बाजूला. वितळलेल्या धातूचा थेंब ईव्हीएवर पडला की ईव्हीए वितळून थेट कातडीला चिकटतो, आणि उघड्या गळ्याच्या बुटात ठिणगी शिरली की बूट काढेपर्यंत ती आतच नाचते. इथे गंमत अशी की लेसवाले बूटही फार चांगले नाहीत, ठिणग्या लेसवर बसून लेस जळते आणि घाईत गाठ सुटत नाही. चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, बाजूला इलॅस्टिक असलेले ओढून घालायचे बूट हे इथलं उत्तर. म्हणजे बिनलेसचंच, फक्त उंच. पँट बुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका आणि खालून दुमडूही नका, नाहीतर दुमडीत ठिणग्या गोळा होतात. पँट जाड सुती, सिंथेटिक ट्रॅक पँट अजिबात नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं थोडक्यात. ईव्हीए इन्सुलेटर आहे, कोरड्या थंडीत चालल्यावर अंगावर स्थिर वीज साठते आणि सर्किट बोर्डाला हात लावला की चिप जाऊ शकते. मनगटाचा अर्थ केलेला पट्टा वापरा, नाहीतर ईएसडी लिहिलेला, म्हणजे स्थिर वीज साठू न देणारा जोड. पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा त्रास कमी. आणि उलट बाजूने, "रबरी चप्पल आहे, शॉक लागणार नाही" या भरवशावर कोणी राहू नये. शेडच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या, तो चपलेपेक्षा महत्त्वाचा.

पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवुड वापरणारे आपल्यात बरेच आहेत, मीही. त्यातले खिळे हवाई चपलेतून आरपार जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, चुलतभाऊ होता, टीटीचं इंजेक्शन घेऊन आला. असं काम असेल तर सेफ्टी बुटाच्या लेबलवर एस १ पी किंवा एस ३ बघा, त्यात तळाला खिळा आत न जाऊ देणारा थर असतो. त्यातही स्लिप-ऑन मिळतात. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानांत विचारत फिरा, हात लावून, वाकवून बघता येतं, ऑनलाइनमध्ये ते नाही.

कोल्हापुरीबद्दल विचारणारे असतातच. मला स्वतःला कोल्हापुरी फार आवडते, २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं, पण पुढून उघडी, तळ चामड्याचा, भुशावर घसरणारी आणि पाणी लागलं की रुसणारी. लग्नाला घाला.

तुम्ही एकाच जागी फार वेळ उभे राहत असाल तर सगळी मऊपणाची जबाबदारी चपलेवर टाकू नका. बेंचपुढे रबराची मॅट टाका. महागड्या मॅटा घ्यायची गरज नाही, गोठ्यात गाई-म्हशींखाली टाकतात ती काउ मॅट मिळते, साडेसहा बाय चार फूट, जाड आणि वजनदार, जागची हलत नाही, पटाशी पडली तर धारही वाचते. मॅट असेल तर सोल जरा कडकच घ्या, मऊवर मऊ झालं की तोल जातो.

निगा म्हणजे फार काही नाही. दाराशी एक कडक ब्रश आणि काथ्याचं पायपुसणं, आत जाताना सोलवर चार झटके. ईव्हीए साबणाने धुवून सावलीत वाळवा, मे महिन्यात गच्चीवर किंवा गाडीत ठेवला तर आक्रसतो, नऊ नंबरचा आठ होतो. थिनर सांडलं तर लगेच पुसा, सोलचा गोंद सुटतो. पावसाळ्यात चामड्याच्या जोडात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि बंद कपाटात ठेवू नका, बुरशी येते. दोन महिन्यांनी एकदा जोड सपाट टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलला असेल किंवा टाचेखालची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर तो वर्कशॉपमधून बाद, बागेत पाणी घालायला वापरा.

आणि जमलं तर आणखी एक मोठ्या मापाचा बंद क्लॉग दाराशी ठेवा. शेजारचे काका "काय चाललंय बघू" म्हणत अनवाणी आत येतात, पोरं येतात, बायको चहा घेऊन येते. मी पोरासाठी त्याच्या मापाचा वेगळा घेतला, तो घातल्याशिवाय त्याला आत प्रवेश नाही, आणि आता तोच मला पट्टा मागे घेतला का म्हणून विचारतो.